शेठची तब्येत

शेठ सकाळपासून टाकीच्या तळाशी कुशीवर पडून होता आणि रामचंद्र काचेला नाक लावून बसला होता.

शेठ म्हणजे त्याच्या सुनेचा, नेत्राचा लाडका मासा. जात फ्लॉवरहॉर्न, रंग लालभडक आणि कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. मुक्काम पनवेलच्या फ्लॅटमध्ये, काचेच्या टाकीत. भावाच्या लग्नाला म्हसळ्याला जाताना नेत्रा, तिचा नवरा अल्पेश आणि त्यांची दोन वर्षांची राही यांनी त्याला वाटेत आगरदांड्याला, रामचंद्रच्या घरी उतरवलं होतं. नेत्राची नोकरी पुन्हा सुरू होणार होती. राहीला पाळणाघरात घालायचं की आजी-आजोबांकडे ठेवायचं, यावर महिनाभर खल चालला होता. शेवटी नेत्राने निकाल दिला, "बाबा, आधी आठवडाभर मासा सांभाळून दाखवा. मग राहीचं बघू."

ज्या माणसाने जन्मभर मासा फक्त ताटात सांभाळला, त्याची ही परीक्षा! पण नात घरात येणार म्हटल्यावर रामचंद्र मगरही सांभाळायला तयार झाला असता.

माशाचा जाणकार म्हणून त्याने शेजारच्या भिकूला बोलावलं. भिकू तीस वर्षं होडी चालवतोय. त्याने टाकीत हात घातला, शेठचा कल्ला सवयीने उचलून पाहिला आणि सांगितलं, "लाल हाय. ताजा हाय. काय घाबरू नको."

"अरे, तो जिता हाय!"

"मंग आनखी काय पायजे तुला?"

हा जाणकार कामाचा नव्हता. रामचंद्रने पनवेलच्या मासेवाल्या दुकानात फोन लावला. तिथल्या सुजितने डॉक्टरसारखी उलटतपासणी घेतली. अंगावर पांढरे ठिपके? नाहीत. शेपटी झडली? नाही. श्वास जोरात? नाही. पाणी गढूळ, थंड? तेही नाही.

"मग स्ट्रेस आहे, काका. जागा बदलली ना. त्याला शांत ठेवा."

बस्स. रामचंद्रने कायदा लावला. टाकी आतल्या खोलीत नेली. टीव्ही बंद, कुकर बंद, बोलायचं ते कुजबुजत. एवढ्यावर भागलं असतं, पण त्याने स्वतःच्या डोक्याने एक कलम वाढवलं.

"जने, घरात मासे तळायचे न्हाईत. त्याला वास येल. आपल्या भावकीचा वास कळतो गं मान्साला."

"अवो, आज बुधवार हाय!" त्याच्या बायकोला, जनीला धक्काच बसला.

"असूंदे."

झालं. दारावर आलेल्या मासळीवालीला जनीने मान खाली घालून, कुजबुजत परत पाठवलं. बुधवारचा दिवस, श्रावण नाही, संकष्टी नाही, आणि रामचंद्रच्या घरात मासळी नको? टीव्ही बंद, माणसं कुजबुजतात आणि म्हातारा दाढी न करता उंबऱ्यात बसलाय? मासळीवालीने डोक्यावरची पाटी सावरली आणि ताबडतोब ओळखलं की या घरात सुतक आहे. पुढच्या चार घरांत तिने मासळीबरोबर ही बातमीही वाटली.

सुतकाच्या घरात शिरताना ‘कोण गेलं?’ असं विचारायचं नसतं. आधी बसायचं, डोळे पुसायचे. त्यामुळे आलेल्या प्रत्येकाला वाटलं, बाकीच्यांना माहीत असेल. पुरुष पडवीत बसले, बायका आत. अशा घरची चूल पेटत नाही म्हणून कुणी भात आणला, कुणी वरण. रामचंद्र मात्र भलताच भारावला. माशासाठी एवढा गाव लोटला! तो एकेकापुढे हात जोडू लागला.

"दोन दिस काय खाल्ला न्हाय वो त्यानं," तो म्हणाला.

भिकूची म्हातारी आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "रडून घे, रामचंद्रा. मनात ठेवू नको. मनात ठेवलास तर छातीत बसतंय."

तेवढ्यात आतल्या खोलीत बायकांनी गळा काढला. आठ-दहा बायका टाकीभोवती हुंदके देत होत्या, पदर हलवत होत्या. शेठ हळूच सरळ झाला. वर आला. काचेला टेंगूळ लावून एकेकीकडे बघू लागला आणि पदर हलेल तिकडे पळू लागला. पनवेलला दिवसभर टीव्हीसमोर राहिलेला मासा तो. गावच्या शांततेनेच त्याचा जीव घाबरला होता!

दारातून रामचंद्र ओरडला, "उठला! अरे, उठला!"

पडवीतले दोघे थेट अंगणात उडी मारून पळाले.

ते फाटकात आदळले ते नेत्रावर आणि अल्पेशवर. ‘ताबडतोब या, फोनवर सांगत न्हाय,’ एवढाच कुणा शेजाऱ्याचा निरोप मिळाल्यावर दोघं राहीला उचलून दिघीहून मिळेल त्या फेरीबोटीने इकडे आली होती. नेत्राचे डोळे रडून सुजले होते. समोर सासरा टाळ्या पिटतोय.

"बाबा? मग... आई?"

जनी भाताचं पातेलं घेऊन बाहेर आली.

"मग गेलं कोण?"

"कोनीच न्हाय गं. शेठला जरा बरा वाटत नव्हता," रामचंद्र म्हणाला आणि म्हणता म्हणता त्यालाच कळलं की परीक्षा संपली.

"एक मासा सांभाळायला दिला, बाबा! एक! तर तुम्ही अख्ख्या गावाला सुतक लावलंत! आणि मी राहीला..." नेत्रा थबकली. "राही कुठाय?"

गोंधळात राही खाली उतरली होती आणि मांड्यांवरून मांड्यांवर सरकत आत पोचली होती. ती सापडली रडायला आलेल्या मासळीवालीच्या मांडीवर, टाकीसमोर. मासळीवाली तिला सुतकाचा वरणभात भरवत होती आणि राही आ करून पुढचा घास मागत होती.

"ही जेवतेय?" नेत्राचा आवाज खाली आला. "मोबाइल न दाखवता?"

"दुसरी वाटी हाय," मासळीवाली म्हणाली. तिने नाकही पुसलं, स्वतःचं आणि राहीचं.

नेत्राने राहीच्या हनुवटीवरचं शीत टिपलं. मग रामचंद्रकडे न बघताच म्हणाली, "सोमवारी हिचे कपडे आणून देते. राहू दे इथंच."

 रामचंद्र पडवीत आला, खांबाला टेकला आणि त्याला हमसून रडू फुटलं. लहान पोरासारखा तो आनंदाने रडत होता.

भिकूची आई समाधानाने उठली. "रडला बाबा एकदाचा. आता काय काळजी न्हाय. चला गं," ती म्हणाली, आणि सगळा गाव डोळे पुसत आपापल्या घरी गेला.