टेंभरेकाकांच्या मेलेल्या सुना

आमच्या शेजारी टेंभरेकाकांच्या घरी रोज दुपारी एक सून तळ्यात जीव देते आणि चहाला उकळी फुटेपर्यंत परत येऊन गाऊ लागते. अर्जुनी मोरगावला बदली होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात मी घाबरून घरमालकिणीकडे गेले. काका तर एकटे राहतात, मग आत एवढ्या बाया कोण? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, नाटकातल्या आहेत, होईल सवय.

झाली. काका गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, दिवसांत गावोगावी होणारं 'पैलतळ्याची सून' हे एकच संगीत नाटक त्यांनी जन्मभर पाहिलं आणि दर वेळी टेप करून आणलं. कंपनी वेगळी, नट वेगळे, गोष्ट तीच: सासरच्या जाचानं बुडालेली सून शेवटच्या अंकात नवऱ्याला हाक मारत तळ्यावरून येते. कॅसेटवर नटीचं नाव नसे, गावाचं असे. मी गेले की काका विचारत, कामठ्याची लावू का कोहमाऱ्याची?

त्यांची कसोटी एकच होती. गाणारी खरंच मेलेली वाटली पाहिजे.

"कामठ्याची दम खाते," ते सांगत. "मेलेल्या माणसाले दम कायले लागते?"

कोहमाऱ्याची सुरात चोख, पण तबल्यावाल्याकडे बघून गाते म्हणे. हे कॅसेटमध्ये कसं दिसलं, असं मी विचारलं, तर आवाज तिकडे वळतो म्हणाले. एका गावची सून हाक मारते तेव्हा प्रेक्षकांतून एक बकरी ओरडते. त्या सुनेला काकांनी बरंच वर बसवलं होतं. बकरी उगाच भीत नाही, हे त्यांचं मत.

एका दुपारी त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. स्टुलावर दोन टेप शेजारीशेजारी. एकात कामठा, दुसऱ्यात कोहमारा.

"आता बोलू नका, मॅडम."

दोन्ही बटणं एकदम दाबली. दोघींचे आवाज एकमेकींवर घासत राहिले आणि हाकेपाशी आले तेव्हा मधूनच तिसरा आवाज आला. बारीक, थोडा घोगरा, शेवटचा स्वर ओढून खाली सोडणारा. मी हात पुढे करून एक टेप थांबवला. तो आवाज गेला. तो लावून दुसरा थांबवला. तरी नाही. दोन्ही लावले, की ती बाई हजर.

मी विज्ञान शिकवते. दोन सूर जवळ आले की कानाला भास होतो, हे मुलांना मीच सांगते. तरी मी पुन्हा दोन्ही बटणं दाबली.

"सुमित्रा हाय," काका म्हणाले.

सुमित्रा त्यांची बायको. लग्नाआधी माहेरच्या गावात तिनं ही सून एकदाच केली होती. काकांनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते तिथेच, मेलेली. तिची कॅसेट ती गेल्यावर बुरशीनं खाल्ली. तेव्हापासून कुणाचा श्वास तिच्यासारखा, कुणाचा घसा, हे शोधणं सुरू होतं.

त्या वर्षी आमच्या मंडईत हेच नाटक होतं. वडशाच्या कंपनीतली नटी, रोशनी, जुनी चाल ऐकायला म्हणून सकाळी काकांकडे आली. हसरी, मोबाइलवर बोटं फिरवणारी पोर. काकांनी दोन्ही टेप लावले. ती डोळे मिटून ऐकत राहिली आणि कुणी न सांगता गाऊ लागली. कामठ्याची नाही, कोहमाऱ्याची नाही, मधली.

कॅसेटी संपून खट्‌कन थांबल्या. हाक चालूच राहिली. तोच घोगरा आवाज, तीच ओढ, आता भर उन्हात एका जिवंत गळ्यातून. काका तिच्या तोंडाकडे बघत नव्हते. ते तिच्या पायांकडे बघत होते, सरळ आहेत का उलटे.

ती थांबली. मग काका म्हणाले, "जेवून जाय, माय."

तिला तालमीला जायचं होतं, गायच्या दिवशी ती फारसं खातही नव्हती. पण काकांनी ताट आणलंच. भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण. समोर उकिडवे बसले आणि तिच्या गळ्याकडे एकटक पाहू लागले. तिनं मला डोळ्यांनी विचारलं, हे काय? तिनं पहिला घास घेतला, चावला, गिळला. तो खाली उतरताना दिसला तसे काका जमिनीवर बसले, मांडी घालून, खूप चालून आलेल्या माणसासारखे. "अजून घे," म्हणाले.

ती गेल्यावर ते अंगणात ताट घासायला बसले. मी राहू द्या म्हटलं, तर ऐकेनात.

"सुमित्राले शेवटी भात उतरत नव्हता," ते राख चोळत म्हणाले. "पाणीबी नाई."

ताट पाण्याखाली धरून त्यांनी पुन्हा पुन्हा फिरवलं.

"या पोरीनं दोनदा घेतला."