गाय नापास

सन १९६१च्या वार्षिक परीक्षेत बडनेऱ्याजवळच्या एका प्राथमिक शाळेतली पहिलीची शालू चित्रकलेत नापास झाली. एका विषयात नापास झालेल्या मुलाला वरच्या वर्गात बसवायचं नाही, असा नियम होता. त्यामुळे गाय चुकली म्हणून शालूला बाराखडीही पुन्हा शिकावी लागणार, हे ओघानंच आलं.

याचं मूळ वर्गशिक्षक भगवंतरावांच्या ढिलाईत होतं. आदल्या वर्षी त्यांनी सगळ्या मुलांना चित्रकलेत सारखेच मार्क दिले होते. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "सगळ्यांनाच कसे?"

"सहा वर्षांची पोरं आहेत साहेब. आनंदानं काढतात."

साहेबांनी शेरा मारला : 'मूल्यमापनात आनंद आढळला. प्रमाण आढळले नाही.'

हेडमास्तर खुशालरावांनी हा शेरा मनाला लावून घेतला. शाळेला चित्रकला शिक्षकाची जागा मंजूर नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच फळ्यावर एक गाय काढली. फळ्याचा रंग मधेमधे उडाला होता आणि तिथं खडू उमटत नसे. त्यामुळे गायीची मान वळसा घेऊन पुढं गेली आणि शेपूट कायमची वर राहिली. खाली त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'प्रमाणित गाय'. या गायीशी जितकं साम्य, तितके मार्क.

वर्गातली निम्मी पोरं घरी गुरं राखत. घरची गाय विसरायला त्यांना थोडे दिवस लागले, पण विसरली. शालू तेवढी विसरली नाही.

शालूचे वडील बुधाजी रेल्वेत गँगमन होते. नवा धर्म घेतल्यापासून पोरीला शिकवायचं, एवढा एकच ध्यास त्यांनी धरला होता. निकाल कळताच सुट्टी काढून ते शाळेत आले. येताना गाय घेऊन आले.

"मास्तर, माह्या पोरीले काहून नापास केलं?"

भगवंतरावांनी चित्र पुढं ठेवलं. "एकच शिंग काढलंय तिनं."

"एकच हाये तिले. दुसरं तारेत अडकून मोडलं. पाहा ना, बाहेर उभी हाये."

भगवंतरावांनी बाहेर जाऊन पाहिलं. चित्र तंतोतंत होतं. डोळ्याखालचा पांढरा ठिपकासुद्धा जागच्या जागी होता. पण एवढ्या मोठ्या बाबतीत निर्णय घेण्याचा त्यांना अधिकार नव्हता. त्यांनी खुशालरावांना बोलावलं.

खुशालराव फूटपट्टी घेऊन आले. त्यांनी खिडकीतून एकदा फळ्याकडे पाहिलं, एकदा गायीकडे. मान आखूड. शेपूट खाली. शिंग एक.

"दहापैकी चार," ते म्हणाले. "बुधाजी, तुमची गाय नापास आहे."

"मंग दूध देते ते?"

"दूध चित्रकलेत धरत नाहीत."

"म्हंजे गाय चुकली म्हन्ता?"

"चुकली असं मी म्हणत नाही. ती प्रमाणाला धरून नाही. आज ही गाय मी पास केली, तर उद्या कोणी लंगडा बैल आणून उभा करेल. मग शाळा आणि बैलबाजार यात फरक काय राहिला?"

बुधाजींच्या ओठांवर पुष्कळ काही आलं होतं. पण पोरीचं वर्ष हेडमास्तरांच्या हातात होतं. त्यांनी सारं गिळलं आणि हात जोडून फेरपरीक्षा मागितली. खुशालराव दयाळू होते. त्यांनी ती दिली.

घरी आल्यावर बुधाजी शालूला म्हणाले, "दोन शिंगं काढ."

"दुसरं कुठून आनू?"

"शाळेतून."

शालू रडली. मग डोळे पुसून तिनं मान लांबवली, शेपूट वर केली आणि शिंगं दोन काढली. तिला नऊ मार्क मिळाले. एक मार्क डोळ्याखालच्या ठिपक्यानं खाल्ला.

शाळेची कीर्ती झाली. साहेबांनी 'मूल्यमापन समाधानकारक' असं लिहिलं. या यशानं हुरूप येऊन खुशालरावांनी दुसरीसाठी विषय ठेवला 'माझे वडील', आणि फळ्यावर वडील काढले. खुर्चीत बसलेले, कोट घातलेले, चष्मा लावून वर्तमानपत्र वाचणारे.

शालूला या वेळी दहापैकी दहा मिळाले. ती धावत घरी आली. बुधाजी नुकतेच रुळावरून परतले होते, अंगभर गिट्टीची धूळ होती. त्यांनी चित्र हातात घेतलं.

"हा कोन व्हय?"

"तुमी. बा."

"माह्याजोळ खुर्ची कुठं हाये?"

"शाळेतल्या बाले राहते," शालू समजावणीच्या सुरात म्हणाली.

बुधाजींनी त्या माणसाचा कोट पाहिला. मग त्यांनी अंगावरची धूळ झटकली, खळ करवून घेतली आणि चित्र भिंतीवर चिकटवलं. पाहुणे आले की ते त्याच्याच शेजारी उभे राहून म्हणत, "माह्या पोरीनं काढला. पैकीच्या पैकी!" पाहुणे चष्मेवाल्या गृहस्थांकडे पाहत आणि मान डोलवत, "वा! हुबेहूब!"

वाचकहो, आपल्याही मुलानं आपलं चित्र काढलं असेल आणि त्याला पैकीच्या पैकी मार्क पडले असतील. पेढे आणायला जाण्याआधी ते चित्र घेऊन एकदा आरशासमोर उभे राहा.