हवा बदलतेय

सकाळी सव्वादहाला सुतारमिस्त्री स्वतःच्या घरातल्या, स्वतःच्या हातांनी घडवलेल्या दारामागे अडकले, आणि अकरा वाजता त्यांच्या घरची दारं बघायलाच पाहुण्या येणार होत्या.

पाहुण्या म्हणजे नव्या शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळेला बत्तीस दारं करून हवी होती. दोन सुतारांना त्यांनी आधीच वाटेला लावलं होतं. "नमुन्याचं दार मला दाखवू नका," असं त्यांनी मिस्त्रींना फोनवर बजावलं होतं. "सुतार स्वतःच्या घरात काम कसं करतो ते बघायचंय मला." मिस्त्री रुबाबात "या की, केव्हाही या" म्हणून मोकळे झाले होते. बत्तीस दारं म्हणजे वर्षभराची ददात मिटली. शिवाय शाळेची दारं रोज शेकडो पोरं आपटणार, आणि ती टिकली की अवघ्या गावात मिस्त्रींचं नाव होणार. या कामावर त्यांनी जीव लावला होता. अंघोळ उरकायची, इस्त्रीचा शर्ट चढवायचा आणि दारात उभं राहून बाईंचं स्वागत करायचं, एवढंच उरलं होतं. अंघोळ उरकली. शर्ट बाहेर खुंटीवर राहिला.

आता मिस्त्रींविषयी एक सांगायला हवं. लाकूड त्यांना कळायचं, यात वादच नाही. दमट दिवसांत कुणी दार अडकतंय म्हणून आलं, की ते रंध्याला हात लावायचे नाहीत. "हवा बदलतेय," म्हणायचे. "लाकूड पाणी पितं, फुगतं. आत्ता तासलं तर थंडीत त्या फटीतून मांजर आत येईल. दोन महिने थांबा." लोक थांबायचे, दार आपोआप सुटायचं, आणि मिस्त्रींचा भाव वधारायचा. इथवर ठीक होतं. पण तीस वर्षं दारं सुटत गेली तशी मिस्त्रींची खात्री पटत गेली, की माणूस हेसुद्धा चौकटीत बसवलेलं एक दारच आहे. शेजाऱ्याचा गुडघा आखडला, हवा बदलतेय. गिऱ्हाईक भांडायला आलं, हवा बदलतेय. उन्हाळ्यात माणूस तडकतो, पावसात फुगतो, थंडीत आक्रसतो, त्याला कुणी हात लावू नये, असं त्यांचं साधं शास्त्र होतं.

या शास्त्राचा सगळ्यात जास्त लाभ त्यांच्या बायकोला झाला होता. गेले काही महिने ती घुश्शातच असायची. चहाचा कप असा आदळायची, की बशी जागची हलायची. मिस्त्रींनी नाडी न बघता निदान केलं होतं: दमट हवा. थंडी पडू दे, येईल ताळ्यावर.

तर अंगाला टॉवेल गुंडाळून मिस्त्रींनी बाथरूमचं दार आत ओढलं. ते हललं नाही. हे दार हल्ली जरा अडायचंच, म्हणून लावताना त्यांनी ते नेहमीप्रमाणे खांद्याने रेटून लावलं होतं. आज रेटा जास्त झाला असावा. त्यांनी पाय रोवला, मूठ दोन्ही हातांत धरली आणि सगळं बळ लावून ओढली. मूठ हातात आली. दार होतं तिथेच राहिलं.

"अगं! दार अडकलंय!"

बायको आली. तिने बाहेरून दार जरा हलवून बघितलं.

"अहो, मी काय म्हणते—"

"काही म्हणू नकोस. लाकूड फुगलंय. तुझ्या भावाला फोन लाव आणि त्याचं ते केस वाळवायचं यंत्र घेऊन ये म्हणावं."

"पण त्याआधी तुम्ही जरा—"

"लाकडातलं मला शिकवतेस?" मिस्त्री आतून गरजले. "तू फोन लाव!"

बायकोने फोन लावला. मग ती स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन आली, बाथरूमसमोर मांडली आणि वर्तमानपत्र उघडून बसली.

मिस्त्रींच्या मेहुण्याचं केशकर्तनालय गल्लीच्या तोंडाशीच होतं. एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून तो धावत आला. अंगाने तो दणकट. आल्या आल्या त्याने बाह्या सरसावल्या.

"भाऊजी, बाजूला व्हा. एक लाथ घालतो."

"खबरदार!" मिस्त्री किंचाळले. "बाई दारंच बघायला येतायत! एक ओरखडा दिसला तर याद राख. या दाराला ऋतू बदलून दाखवायचा आहे आपल्याला. बाहेरून कोरडी गरम हवा द्यायची. लाकूड पाणी सोडेल, आक्रसेल, दार सुटेल. दोन महिन्यांचं काम वीस मिनिटांत. डोकं लागतं याला!"

मेहुण्याने यंत्र सुरू केलं. दाराला वरून खाली, खालून वर असा वारा घालू लागला. सवयीने दुसऱ्या हातातला कंगवाही वर जात होता, तो त्याने दोनदा खाली घेतला. दहा मिनिटं झाली. दाराला काही फरक पडला नाही.

"ऊब कमी पडतेय," आतून निदान आलं. "माळ्यावरचा हीटर काढ."

हीटर निघाला. दारापुढे हीटर, वर केसांचं यंत्र, मध्ये घामाघूम मेहुणा. बायकोने खुर्ची जरा मागे सरकवली आणि पान उलटलं.

आत मात्र वेगळाच ऋतू होता. ओल्या अंगाने, ओल्या फरशीवर उभं राहून मिस्त्रींना हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. त्यांनी गरम पाण्याचा नळ सोडला आणि त्याच्याजवळ उकिडवे बसले. बरं वाटलं. वाफ भरली. आणखी बरं वाटलं. वाफ इतकी दाटली, की समोरचा आरसा गेला, बादली गेली, शेवटी दारही दिसेनासं झालं. मिस्त्रींनी हात लांब करून दार चाचपलं. मधली फळी पोट काढू लागली होती.

"अरे थांब, थांब! बाहेरून कोरडं आणि आतून ओलं! फळी वाकतेय!"

"मग काय करू, भाऊजी?"

"अजून कोरडं कर! बाहेरची बाजू जिंकली पाहिजे!"

मेहुण्याने दोन्ही यंत्रांची बटणं शेवटपर्यंत फिरवली. गीझर, हीटर आणि केसांचं यंत्र असं तिघांचं ओझं घरच्या तारांना काही झेपलं नाही. खट्ट आवाज झाला. दिवे गेले, पंखा गेला, आत मिस्त्रींचा उजेड गेला आणि पाठोपाठ नळाचं पाणी गार झालं.

तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली. अकराला पाच मिनिटं कमी होती. मुख्याध्यापिका म्हणजे वेळेच्या आधी येणाऱ्यांपैकी.

बायकोने दार उघडलं. बाईंनी आत पाऊल टाकण्याआधी दार दोनदा उघडून मिटून बघितलं, चौकटीवरून बोट फिरवलं आणि समाधानाने मान हलवली. "काम छान आहे. मिस्त्री कुठे आहेत?"

"आत आहेत."

"बाहेर कधी येतील?"

"हवा बदलली की," बायको म्हणाली.

बाईंना ती बाथरूमपुढे घेऊन गेली. अंधाऱ्या बोळात विझलेला हीटर, हातात कंगवा घेतलेला, घामाने ओलाचिंब मेहुणा आणि पोट काढलेलं दार. बाईंनी आयुष्यात पुष्कळ वर्ग बघितले होते, त्यामुळे त्या दचकल्या नाहीत.

"मिस्त्री, तुम्ही आत अडकला आहात का?"

आतून मिस्त्रींचा आवाज आला, आणि त्या परिस्थितीतही तो असा आला, की जणू ते व्यासपीठावर उभे आहेत. "नमस्कार बाई! बरं झालं आलात. हे आपोआप प्रात्यक्षिकच झालं. याला म्हणतात ऋतूचा परिणाम. अस्सल लाकूड आहे म्हणून फुगतं. नकली फळीचं दार असतं तर फुगलं नसतं. शाळेची दारं मी चारी बाजूंनी श्वास घ्यायला जागा ठेवूनच बसवणार. लाकूड जिवंत असतं, बाई. हवा बदलली की तेही बदलतं, आपणही बदलतो. आता आमच्या घरातच बघा. ही हल्ली फार चिडचिड करते. मी तिला एका शब्दाने बोलत नाही. कारण मला ठाऊक आहे, दमट दिवस आहेत!"

वर्तमानपत्राची घडी झाली. मेहुण्याने बहिणीकडे बघितलं आणि तो सावकाश दोन पावलं मागे सरकला.

बाईंना ते व्याख्यान खरं तर आवडलं होतं. माणसाला विषय येत होता. त्यांनी बायकोकडे वळून सहज विचारलं, "हे दार असं केव्हापासून अडतंय?"

"उन्हाळ्यापासून."

"उन्हाळ्यापासून?" बाई दाराकडे वळल्या. "मिस्त्री, उन्हाळ्यात लाकूड फुगतं का हो?"

लाकडाविषयी कुणी विचारलं आणि मिस्त्रींना उत्तर सुचलं नाही, असं तीस वर्षांत पहिल्यांदाच झालं. उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं. हे तर त्यांनीच हजार जणांना सांगितलं होतं.

"वरची बिजागरी ढिली झालीय, असं मी तेव्हाच सांगितलं होतं," बायको शांतपणे म्हणाली. "दार खाली उतरलंय, कोपरा फरशीला घासतो. चार वेळा सांगितलं. चारी वेळा म्हणाले, हवा बदलतेय. मी रोज दार जरा उचलून उघडते. मघाशी तेच सांगत होते."

बाथरूमचं दार आत उघडणारं, त्यामुळे बिजागऱ्या मिस्त्रींच्याच बाजूला होत्या. पाऊण तास त्या त्यांच्या नाकासमोर होत्या. अंधारात त्यांनी हात वर नेला. वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू बोट लावताच डुगडुगले. तिसरा जागेवर नव्हताच. मिस्त्रींनी दाराची आडवी पट्टी धरली, दार बोटभर उचललं आणि ओढलं. ते लोण्यातून सुरी निघावी तसं निघालं.

टॉवेल सावरत मिस्त्री बाहेर आले. बाईंनी सभ्यपणे भिंतीकडे तोंड केलं. मेहुण्याला एकदम अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक आठवलं आणि तो पळाला.

इस्त्रीचा शर्ट घालून मिस्त्री बैठकीत आले, तेव्हा बाईंनी घरातली बाकीची सगळी दारं तपासली होती. काम हातचं गेलं, हे मिस्त्रींनी मनाशी धरलंच होतं. ते उभेच राहिले.

"दारं उत्तम आहेत," बाई म्हणाल्या. "बत्तीसही तुम्हीच करा. पण एक अट आहे. माझ्या शिपायाने तक्रार केली तर तुम्ही आधी त्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं. हवेबद्दल मग बोलायचं."

"ऐकतो की," मिस्त्री म्हणाले. एवढा छोटा आवाज त्यांचा त्यांनीच कधी ऐकला नव्हता.

बाई गेल्या. मिस्त्रींनी हत्यारांच्या पेटीतून लांब स्क्रू काढले आणि बिजागरी पक्की केली. चार मिनिटं लागली. चार महिने बायको एका हाताने कपड्यांची बादली धरून दुसऱ्या हाताने ते दार उचलत होती, हे त्यांच्या डोळ्यांपुढे आलं, आणि त्यांना मनापासून शरम वाटली. ते स्वयंपाकघरात गेले. बायको पाठमोरी कप विसळत होती.

"हे बघ," ते म्हणाले, "तुझी चिडचिड... ती कशाने होते?"

बायकोने कप खाली ठेवला. ती वळली.

"खरंच ऐकायचंय?"

"ऐकायचंय."

ती खुर्चीवर बसली. मिस्त्री समोर बसले. तिने सुरुवात केली. मिस्त्रींची बहीण तीन आठवडे राहायला आली आणि आदल्या दिवशीपर्यंत कुणी बायकोला सांगितलं नव्हतं, ते निघालं. पोळपाट ठेवायची फळी बसवायचं कबूल करून विसरले, ते निघालं. मग ती म्हणाली, "आणि माझी दाढ दुखत होती. तुम्ही म्हणालात, उन्हाचा त्रास आहे, हवा बदलली की थांबेल. मी एकटी जाऊन काढून आले."

"दाढ काढलीस? कधी? कुठली?"

तिने तोंड उघडून दाखवलं. डाव्या बाजूला, मागे, चांगली रिकामी जागा होती. चौकटीतली केसाएवढी फट दहा फुटांवरून ओळखणाऱ्या मिस्त्रींना ही दिसली नव्हती. "माझं चुकलं," ते म्हणाले, आणि बायकोने मान खाली घातली, पण बोलणं थांबवलं नाही.

दुपार झाली. ढग सरले होते, बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. हवा अशी कोरडी ठणठणीत, की दोरीवरचा टॉवेल कडक वाळला. मिस्त्रींनी सवयीने खिडकीतून वर बघितलं. दोष द्यायला आभाळात काहीही नव्हतं. त्यांनी मान वळवली आणि पुढे ऐकू लागले.

शेवटी बायको थांबली. ती तांब्याभर पाणी प्यायली. तिचा चेहरा बऱ्याच महिन्यांनी मोकळा दिसत होता.

"झालं सगळं?" मिस्त्रींनी हळूच विचारलं.

"उन्हाळ्यातलं झालं," बायको म्हणाली. "आता पावसाळ्यातलं ऐका."