नलूकाकी गोष्ट कापते

अक्षर किरटं आहे आणि शुद्धलेखन चौथीतच सुटलं, त्याची माफी असावी. नलूकाकीने हे वाचलं असतं तर म्हणाली असती, "माफी मागाहून माग. आधी माणूस दाखव."

तर माणूस हीच. पेणला आमच्या आळीत तिच्या ओटीवर आम्ही चौघीजणी पापड लाटतो. पिठाच्या लाट्या काकी दोऱ्याने कापते. एक टोक दातांत, एक हातात. तोंड अडकलेलं, म्हणून ती गप्प. दातांतला दोरा सुटला की समजायचं, आता कुणाची तरी गोष्ट कापली जाणार.

मध्यंतरी आमच्यातली सुशी सांगत होती, "सकाळी उठले, पाणी तापवलं, मग सासूबाईंना घेऊन..."

दोरा सुटला. "उठलीस ते दिसतंय गो. सासू पडली कुठं?"

"जिते स्टेशनात, गाडीत चढताना."

"मग जित्यापासून धर. पाणी तापूंदे घरी."

सुशीने जित्यापासून धरलं. "इतकं वाईट वाटलं काकी..."

"वाटलं ते नको. केलंस काय?"

सुशी आठवत राहिली. "त्यांची एक चप्पल रुळांत पडली. दुसरी मी पेणपर्यंत हातात धरून होते."

"हां. आता आमाला वाईट वाटलं."

एकदा सांगून तिचं भागत नाही. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पुन्हा. कंटाळा आला म्हटलं तर म्हणते, "जिथं कंटाळलीस तिथं काप. आमी पण तिथंच कंटाळलो." सुचत नाही म्हटलं तर, "बस आधी. उभ्या उभ्या पापड झालाय कधी?" मी चोरून लिहिते हे तिला कळल्यापासून माझ्यावर विशेष नजर.

ही काटछाट कुणासाठी, ते आम्हाला ठाऊक आहे. काका रोह्याच्या कंपनीत होते. शिफ्ट करून आले की जेवताना काकी दिवसभराचं सांगायची आणि ते मधे मधे टोकायचे. झटका आल्यापासून त्यांची वाचा गेली. भिंतीकडे तोंड करून पडतात. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, येईल. म्हणून काकी रोज आमच्यातली एक गोष्ट आत घेऊन जाते. लांबली की ते डोळे मिटतात. त्यांनी एक शब्द बोलावा, एवढंच तिचं मागणं.

गेल्या आठवड्यात काकीचा घसा बसला. तिने हातानेच मला आत ढकललं.

चार माणसांत माझं तोंड उघडत नाही. पण काकांची पाठ माझ्याकडे होती. पदरातले कागद काढले आणि वाचलं. एक बाई नवऱ्याशी भांडून निघते. घरातलं दुसरं काही घेत नाही, फक्त कुकर. रोह्याला कुंडलिका नदीच्या पुलावर मधोमध येऊन उभी राहते. त्यापुढे लिहायचा मला धीर झाला नव्हता.

मी थांबले. खाट करकरली. काका हळूहळू इकडे वळले.

"गेली... कुठं?"

दारात काकी पिठाचे हात तोंडावर धरून उभी. मग तिने माझ्या पाठीत गुद्दा घातला. आवाज फुटेना, नुसते ओठ हलले, "सांग गो, सांग!"

मला तरी कुठे ठाऊक होतं? "पुलापल्याड, अष्टमी गावात, काका," मी म्हणाले. "बहिणीकडं."

"कुकर... घेऊन?"

"व्हय," मी म्हणाले, आणि त्या बाईला चालवायला लागले.