कपाशीवरची जपानी कीड

पुण्याला नोकरीवर रुजू होण्याआधी एक तरी गोष्ट मोठ्यांच्या मदतीशिवाय करून दाखवीन, असं मी घरात जाहीर केलं आणि जपानी पद्धतीची मासे धरायची काठी मागवली. साधा प्रकार आहे. लांब काठी, तिच्या टोकाला बांधलेली दोरी आणि दोरीला गळावर बांधलेली पिसं-धाग्याची खोटी माशी. चक्री नाही, गांडूळ नाही. मासा धरायचा आणि लगेच सोडायचा. (आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. आई तरीही तीन दिवस बोलली नाही.)

रविवारी सकाळी पाहते तर माश्यांची डबी रिकामी.

"काका, ह्यातल्या माश्या कुठे गेल्या?"

"त्या किडा?" भिलाकाका ओट्यावर दात कोरत बसले होते. "चुल्हामा टाकी दिन्हात. कपाशीवर बसनात ते वाट लागी जाई."

"मला विचारायचं तरी."

"इचारं ना. एक किडा तळोदाले दुकानवर देई उनू, औसद इचाराले."

मला नाही, दुकानदाराला विचारलं. मी दात-ओठ खात काठीसकट स्कूटी काढली. तळोद्याला औषधांच्या दुकानात माझी माशी पुठ्ठ्यावर टाचणीनं टोचलेली, आणि चार शेतकरी तिच्यावर वाकलेले. (माझ्या काकांसारखा काय, एकच असतो?)

"मन्हा वावरमा काल दखी मी," त्यातला एक म्हणाला.

"ही खोटी आहे. पिसाची आहे," मी ओरडले.

"औषध तर खरं आहे ना, ताई," दुकानदार म्हणाला आणि त्यानं पुढच्याच्या हातात बाटली दिली.

मी माशी उपटून घेतली आणि थेट तापीकाठ गाठला. मागोमाग मोटरसायकलवर काका.

"एक शब्द बोलायचा नाही," मी बजावलं. ते बाभळीखाली बसले आणि आयुष्यात प्रथमच खरोखर गप्प राहिले. त्याचाही मला राग आला.

पहिल्या फेकीत बाभूळ अडकली, दुसरीत माझी वेणी. नंतरच्या कितव्या तरी फेकीत दोरी ताणली. काठी उचलली तर बोटभर चंदेरी मासा झोके घेत थेट माझ्या नाकासमोर आला. प्राणिशास्त्रात मला प्रथम श्रेणी आहे. पण कॉलेजातले मासे मेलेले होते आणि मी ते हातमोजे घालून चिमट्यानं धरले होते. हा जिवंत होता, आणि माझ्याकडे बघत होता.

"काका."

"मी काय बोलतच नही."

"काका, प्लीज. मरेल तो."

काकांनी गळ्यातली तुळशीची माळ सदऱ्यात सरकवली, हात ओले केले, क्षणात गळ काढला आणि मासा पाण्यात सोडला. इतक्या सफाईनं, की हे ते कुठे शिकले, ते विचारायचंही मला सुचलं नाही.

घरी पोहोचताच त्यांनी उंबऱ्यातून सांगितलं, "आपली दामिनीनी मासा धरा, आन् सोडी बी दिन्हा."

आईनं मला अंगणातच थांबवलं. डोक्यावरून थंड पाण्याची बादली ओतली. काका हात धुऊन आत भाकरीला बसले. माशाला हात काकांचा लागला, एवढ्या एका वाक्यात माझी सुटका झाली असती.

"अजून एक ओत," मी म्हणाले.