एक माप मोठं

हॅरल्डसाहेबांनी एल्कच्या शिकारीला चल म्हटल्यावर पुरुषोत्तमला नाही म्हणता आलं नाही. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. आणि पुरुषोत्तम म्हणजे पिंजऱ्यात सापडलेला उंदीर मोटारीत घालून नदीपलीकडे सोडून येणारा माणूस. पण ग्रुप लीडरची जागा रिकामी होती, आणि अमेरिकेतल्या बॉथेल गावच्या त्या कंपनीत असल्या गोष्टी ऑफिसपेक्षा डोंगरावरच जास्त ठरत.

"रायफल माझी देतो," हॅरल्ड म्हणाला होता, "काडतुसं मात्र तुझी तू निवडून आण."

पुरुषोत्तम पडला इंजिनियर. त्यानं लायब्ररीतून मासिकं आणली आणि डायनिंग टेबलवर ग्राफ पेपर पसरला. गोळीचं वजन, तिचा वेग, लांबवर गेल्यावर उरणारा जोर. एवढं मोठं जनावर हाल न होता एका गोळीत कशानं पडेल, एवढंच त्याला शोधायचं होतं. पण शोधता शोधता त्याचं जेवणच सुटलं.

"अहो, भात तरी घ्या," सुलेखा म्हणाली.

"त्याचं हार्ट नेमकं कुठं असतं ते बघत होतो," असं म्हणून त्यानं ताट सरकवलं.

शेवटी निर्णय झाला. हॅरल्डच्या थर्टी-ऑट-सिक्स रायफलला चालणारी, एकशेऐंशी ग्रेन वजनाच्या गोळीची काडतुसं. त्यानं खोकं आणून फ्रिजवर ठेवलं आणि पुन्हा त्याच्याकडे बघितलंही नाही.

"एवढ्याशानं एल्क पडेल?" सुलेखानं विचारलं.

"अ‍ॅडिक्वेट आहे."

"म्हणजे जेमतेम."

इथे सुलेखाबद्दल सांगायला हवं. अमेरिकेत घेतलेली वस्तू बदलून मिळते हे कळल्यापासून ती सगळं एक माप मोठं करून आणत असे. शर्ट, चपला, कुकर, पडदे. त्या घरात सगळंच जरा ढगळ होतं.

शनिवारी पहाटे दोघे डोंगरावर पोचले. जागेवर बसल्यावरच रायफल भरायची, हा हॅरल्डचा नियम. पुरुषोत्तमनं खोकं उघडलं, तोच समोरच्या धुक्यातून एल्क बाहेर आला.

"तुझा," हॅरल्ड कुजबुजला.

काडतूस आत जाईना. दुसरं घेतलं, तेही जाईना. मग त्यानं खोकं वाचलं. थ्री-थर्टी-एट मॅग्नम. एक माप मोठं. हातातलं काडतूस दगडावर टणकन पडलं. एल्कनं मान वर करून दोघांकडे पाहिलं आणि तो झाडीत निघून गेला. हॅरल्डनं रायफल खांद्याला लावली आणि तो सरळ गाडीकडे चालू लागला.

घरी पोचताच पुरुषोत्तम बूट न काढता स्वयंपाकघरात शिरला.

"सुलेखा, शर्टाचं एक वेळ ठीक आहे. काडतुसंपण एक्स्चेंज केलीस? रायफलमध्ये गेलीच नाहीत ती."

"हो, दुकानदार म्हणालाच होता," वरणाला फोडणी देत सुलेखा म्हणाली.

"काय म्हणाला होता?"

"की ही त्या रायफलमध्ये जाणार नाहीत. मी दोनदा विचारून घेतलं. नक्की ना, म्हटलं."

पुरुषोत्तम खुर्चीत बसला. मग त्यानं सावकाश बुटाची नाडी सोडली. चार दिवसांत पहिल्यांदाच त्याला फोडणीचा वास आला होता आणि फार बरं वाटत होतं.

"लीडरची जागा गेली बहुतेक," तो म्हणाला.

"जाऊ दे. पिंजऱ्यात उंदीर सापडलाय, जेवण झालं की सोडून या. भात वाढू?"

"वाढ," पुरुषोत्तम म्हणाला, "जरा मोठ्या ताटात."