तड्याचा फोटो सुधारण्याबाबत

पुलाला तडा गेला होता, ही बाब गंभीर नव्हती. पूल म्हटला की कधी ना कधी तडा जायचाच. गंभीर बाब ही होती, की त्या तड्याचा फोटो चांगला आला नव्हता.

फोटो काढला होता पंख्यानं. चार पंख्यांचा ड्रोन काखोटीला मारून गावभर फिरतो म्हणून गल्लीनं त्याला हे नाव ठेवलं होतं, आणि आता सख्खी थोरली बहीणही त्याला त्याच नावानं हाक मारायची. आधी तो लग्नसमारंभ टिपायचा. मग तालुक्याच्या बांधकाम कार्यालयानं ठरवलं, की पूल तपासायला इंजिनियरांनी नाल्यात उतरणं हे त्यांच्या पदाला आणि बुटांना शोभत नाही; यापुढे ड्रोननं फोटो काढावा आणि तो बघून पुलाची तब्येत ठरवावी. अशा रीतीनं पंख्याला काम मिळालं आणि इंजिनियरांना खुर्चीतून उठण्याचं काही कारणच उरलं नाही.

नाल्यावरचा हा पूल पायी जाणाऱ्यांचा होता. ताई रोज सकाळी त्यावरून पलीकडच्या शिवणकारखान्यात जायची आणि संध्याकाळी त्यावरूनच परत यायची. पंख्यानं ड्रोन पुलाखाली घातला आणि स्क्रीनवर बघितलं. पुलाच्या खालच्या अंगाला, अगदी मधोमध, या कडेपासून त्या कडेपर्यंत तडा होता. त्यात बोट सहज गेलं असतं. घरी आल्या आल्या तो ताईला म्हणाला, "उद्यापासून मोठ्या रस्त्यानं जात जा. तो पूल काही खरा नाही."

"मोठ्या रस्त्यानं? अरे, एवढा वळसा घालून पोचेपर्यंत आमची मुकादमीण दार लावून घेईल! त्यापेक्षा तूच सांग ना कार्यालयात. तिथं तुझं वजन आहे म्हणतोस ना?"

तसं तो म्हणायचा खरा. आता ते वजन दाखवणं भाग होतं. ताईनं मोठ्या रस्त्यानं जावं असं होणार नव्हतं, तेव्हा कार्यालयानं पूल बंद करावा एवढाच मार्ग उरला होता.

कार्यालयात 'छायाचित्र दर्जा संवर्धन कक्ष' नावाची एक खोली होती. कक्षाचे साहेब नुकतेच एका थंड हवेच्या ठिकाणी ड्रोन छायाचित्रणाचं प्रशिक्षण घेऊन आले होते, आणि तेव्हापासून त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट एकतर जास्त उजळ तरी वाटायची, नाहीतर कमी उजळ तरी. शिपायानं आणलेल्या चहालाही ते "व्हाइट बॅलन्स गेलाय" म्हणायचे. साहेबांनी पंख्याचा फोटो लांब धरला, जवळ धरला, चष्मा कपाळावर चढवला.

"काय हो हे? केवढा अंधार!"

"पुलाखालचा आहे साहेब. तिथं अंधारच असतो. पण तो मधला तडा बघा ना..."

"तडा बघू हो! तडा काय पळून चाललाय? आधी फोटो बघण्यासारखा तर हवा. कण किती आलेत! आयएसओ केवढा ठेवला होतात?"

"सोळाशे."

"सोळाशे!" साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, माणसानं काही लाज बाळगावी. सरकारी पूल आहे तो."

पंख्या परत पुलाकडे गेला. वारा पडलेला असताना त्यानं ड्रोन पुलाखाली स्थिर उभा केला, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड ओढून घेण्याची ताकद, शंभरावर आणला, शटर सावकाश केलं, एकाच जागेवरून उजळ, मध्यम आणि काळोखे असे फोटो काढून ते एकमेकांत मिसळले. कच्च्या फाइलीतून सावल्या हळूहळू वर उचलल्या. आता तडा असा काही स्वच्छ दिसू लागला, की आतली गंजलेली सळईसुद्धा मोजून घ्यावी. खरं सांगायचं तर पंख्या मनातून सुखावला. बहिणीच्या जिवाचा घोर होताच, पण फोटोही झकास आला होता, आणि या दोन गोष्टी माणसाच्या मनात बिनबोभाट शेजारी नांदतात.

"वा! आता कसं!" साहेब खूश झाले. त्यांनी फोटो संगणकातल्या प्रणालीत चढवला. प्रणालीनं तो क्षणभर चावला आणि थुंकून दिला. पडद्यावर लाल अक्षरं आली: 'प्रतिमेत आडवी काळी रेघ. दोष दूर करून पुन्हा सादर करावे.'

"साहेब, ती रेघ म्हणजेच तडा."

"तुमच्या दृष्टीनं तडा. प्रणालीच्या दृष्टीनं रेघ. प्रणालीशी हुज्जत घालून चालत नाही."

"मग आता?"

"रेघ काढायची. त्यात काय एवढं? फोटो स्वीकारला गेला की पुलाची नोंद उघडते. नोंद उघडली की तक्रारीची जागा उघडते. तिथं तुम्ही तडा गेलाय म्हणून खुशाल लिहा. कुणी अडवलंय तुम्हाला?"

"पण फोटोत तडाच नसेल तर..."

"फोटोत तडा असेल तर फोटो नामंजूर. फोटो नामंजूर म्हणजे पुलाची नोंद नाही. नोंद नाही म्हणजे पूल नाही. आता मला सांगा, जो पूल नाहीच त्याला तडा कसा जाईल?"

 याला कुणालाच उत्तर सुचू नये अशीच ती रचना होती.

पंख्यानं तिथंच बसून तडा पुसायला घेतला. डाग काढायचं साधन उचललं, शेजारचं धडधाकट काँक्रीट घेतलं आणि तड्यावर थापत गेला. साहेबांचा चहा संपायच्या आत पूल दुरुस्त झाला. कंत्राटदाराला एवढं जमलं नसतं. मग त्याला वाटलं, एवढं केलंय तर नाल्याचं काळं पाणी तरी तसंच का ठेवायचं? ते निळसर केलं. पाण्यावरच्या पिशव्या बाद केल्या. धुकटपणा उतरवला, कडा टोकदार केल्या, पुलापलीकडच्या आभाळाला जराशी लाली लावली. एकदा हात सुटला की सुटतोच. साहेब खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले होते आणि "अजून थोडं, अजून थोडं" म्हणत होते.

प्रणालीनं फोटोला पाचपैकी पाच तारे दिले. तक्रारीची जागा उघडली. पंख्यानं घाईघाईनं लिहिलं, 'पुलाला मधोमध मोठा तडा आहे, पूल त्वरित बंद करावा.' उत्तर यायला वेळ लागला नाही: 'सोबतच्या छायाचित्रात तडा आढळून येत नाही. तक्रार निकाली.'

"बघा, किती झटपट काम!" साहेब म्हणाले. "पूर्वी याला वर्षं लागायची."

"साहेब, माझी बहीण त्या पुलावरून जाते हो रोज!"

"मग भाग्यवान आहे! पाच ताऱ्यांच्या पुलावरून जाते. आम्हाला बघा, साध्या रस्त्यानं यावं लागतं."

पाच तारे मिळालेला तो तालुक्यातला एकमेव पूल होता. कार्यालयानं त्याचा फोटो चौकाचौकांत लावला. लोकांनी तो एकमेकांना पाठवला आणि मग पूल बघायला येऊ लागले. जन्मभर जे नाक दाबून तिथून गेले, तेच आता कठड्याला टेकून हनुवटी वर करून उभे राहिले. पाणी फोटोतल्यासारखं निळं दिसत नव्हतं, पण त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही. तेवढं घरी जाऊन करता येत होतं.

ताईनं चौकातला फोटो बघितला आणि घरी येऊन भावाला फैलावर घेतलं. "काय रे, उगाच घाबरवलंस मला! केवढा देखणा पूल आहे!"

"ताई, तो तडा मी पुसलाय गं. या हातानं."

"पुसलास ना? मग झालं तर. आता कशाला तोंड पाडून बसतोस?"

तो तिला समजावत राहिला. पण बोलताना त्याचं त्यालाच जाणवत होतं, की आपण आपल्याच फोटोविरुद्ध बोलतोय आणि फोटो आपल्यापेक्षा चांगला बोलतो.

पुढची पायरी कार्यालयानं घेतली नसती तर ते कार्यालय कसलं? छायाचित्रण स्पर्धा जाहीर झाली: विषय, आपला पूल, स्थळ, खुद्द पूल. काठावर मंडप पडला, मोठा पडदा लागला, साहेबांचं 'सेटिंग आणि संस्कार' या विषयावर भाषण ठेवलं गेलं. संध्याकाळी पुलावर तीळ ठेवायला जागा नव्हती. आणि नेमकी त्याच वेळी ताई कामावरून सुटून पलीकडून पुलावर आली.

पंख्या धावत सुटला. "खाली उतरा! पूल तडकलाय! ताई, मागं फिर!"

"ओ भाऊ, बाजूला व्हा," एकजण ओरडला. "फ्रेममध्ये येताय."

मग पंख्यानं शेवटचा उपाय केला. ड्रोन पुलाखाली घातला आणि त्याचं चित्र थेट मंडपातल्या पडद्यावर सोडलं. तडा आता हात जाईल एवढा झाला होता. त्यातून वाळू झरत होती, आणि लोकांच्या डोळ्यांदेखत तो रुंदावत होता. सगळ्यांनी माना वळवल्या.  पंख्याला वाटलं, चला, सुटलो.

"कॉन्ट्रास्ट जरा जास्त झालाय," व्यासपीठावरून साहेब म्हणाले.

"शार्पनेस पण उतरवायला हवा," पुलावरून कुणीतरी दुजोरा दिला.

"अय्या, कुठला इफेक्ट आहे हो हा?" एका बाईनं विचारलं. "तडा अगदी खरा वाटतो!"

एकट्या ताईनं पडद्याकडे बघितलं नाही. तिनं भावाच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं. ती मागं वळली. पण मागं एका मंडळाचा सामूहिक फोटो चालला होता. "ताई, दोन मिनिटं थांबा हो," ते म्हणाले, "तुम्ही हललात की फोटो हलतो." त्यांनी तिला वाट दिली नाही.

पूल पडला. पुलाखालून झटकन बाहेर निघालेल्या ड्रोनचा कॅमेरा चालूच होता.

त्या क्षणाचा फोटो कार्यालयाच्या प्रणालीनं एका फटक्यात स्वीकारला. त्यात रेघ नव्हती. पुढं तो सगळीकडे गेला, तुमच्याकडेही आला असेल: तिरपं सोनेरी ऊन, उडालेली धूळ, वाकलेला कठडा आणि हवेत थांबलेली माणसं. त्याखाली शेकडो जणांनी एकच प्रश्न विचारला आहे, तेव्हा तुमचीही उत्सुकता न ताणता सांगून टाकतो. शटर सेकंदाचा हजारावा भाग, आयएसओ दोनशे, एडिटिंग अजिबात नाही.

ताईबद्दल त्या सगळ्यांत एकानंही विचारलं नाही. तुम्हीसुद्धा आत्ता आधी शटरच वाचलंत. ताई वाचली, तिचा डावा पाय काढावा लागला. पंख्या रोज तिच्या खाटेशी बसून असतो, आणि तिथं त्याचा फोन सारखा वाजतो, आकडे विचारायला.